कोकणातल्या घरावर सोलर: बिलाचा प्रश्न वेगळा, अंधाराचा वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर. पुढचं जुनं घर कौलारू, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. वापर महिन्याला साधारण १६० युनिट. पावसाळ्यात लाईट गेली की कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. एजंट ३ किलोवॉटचं सोलर २ लाख १० हजारांत सांगतोय, त्यातले ७८ हजार सरकार परत देईल म्हणतोय, आणि एकदा सोलर बसलं की लाईट जाण्याचा त्रास संपला असंही म्हणतोय. तर सोलर घ्यावं, की नुसता इन्व्हर्टर-बॅटरी पुरे?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक बिलाचा, दुसरा अंधाराचा. एजंटने बिलाचं औषध अंधारावर लिहून दिलंय. पैसे घालण्यापूर्वी हे दोन्ही सुटे करून घ्या.

अनुदानावर जे सोलर बसतं ते बहुतेक करून ऑन-ग्रिड असतं, म्हणजे पॅनेलची वीज महावितरणच्या लाईनशी जोडलेली. बाहेरची लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर क्षणात स्वतःला बंद करतो. डोक्यावर कडक ऊन असलं तरी घरात दिवा लागत नाही. हा बिघाड नाही, तो तसाच बनवलेला असतो. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून लाईनीत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. त्यामुळे यातून पळवाट काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला घरात घेऊ नका. शिवाय लाईट परत आल्यावरही हा इन्व्हर्टर लाईन स्थिर आहे ना हे पाहून काही वेळाने सुरू होतो. सकाळी दहा ते चार लाईट नसेल तर त्या दिवसाची निर्मिती जवळपास गेलीच.

आधी बिल बघू. १ किलोवॉटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. ३ किलोवॉट म्हणजे ३६०. तुमचा वापर १६०. दुपटीपेक्षा मोठं यंत्र तुमच्या गळ्यात पडतंय. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि लाईनीत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेली युनिट कंपनी ठरावीक कमी दराने विकत घेते. आपल्याकडे याचा फटका जरा जास्तच बसतो. ऑक्टोबर ते मार्च स्वच्छ ऊन, भरपूर निर्मिती, आणि ती सगळी जमा मार्चअखेर निघून जाते. पावसाळ्यासाठी हाताशी उरते ती फक्त एप्रिल-मेची शिल्लक. जुलैच्या संततधारेत १ किलोवॉटला दिवसाला एक-दीड युनिट पडतं, कधी तेवढंही नाही.

म्हणून १६० युनिटच्या घराला माझं मत २ किलोवॉटचं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं मिळून ७८ हजार होतात. म्हणजे २ किलोवॉटवर ६० हजार मिळतात आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी सरकार फक्त १८ हजार देतं, बाकीचे तुमचे. ७८ चा आकडा मोठा दिसतो म्हणून तिसरा किलोवॉट घेऊ नका. हां, पुढच्या वर्ष-दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर, एसी किंवा इंडक्शनवर स्वयंपाक ठरलाच असेल तर ३ चा विचार योग्य आहे. आणखी एक गोष्ट: घरगुती दरात शंभर युनिटच्या वरचा टप्पा पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट महाग आहे. सोलरची खरी बचत त्या वरच्या युनिटांवर होते. ज्यांचं बिल मुळात ऐंशी-नव्वद युनिटचं आहे, त्यांना पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, आणि स्थिर आकार तर सोलर असो-नसो भरावाच लागतो.

कागदपत्रांत कोकणात हमखास अडतं ते मीटरच्या नावावर. घर सामायिक, मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वर्षं झाली, आणि वाटेकरी निम्मे मुंबईत. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात येतं. नाव बदलायला घरपट्टीचा उतारा, वारसांचे कागद आणि बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागते. ही संमती मिळवायची सोपी वेळ म्हणजे गणपती. चाकरमानी सगळे एका छपराखाली असतात, तेव्हाच सह्या घेऊन टाका. एजंटला आगाऊ रक्कम द्यायची ती मीटर तुमच्या नावावर झाल्यावरच. पॅनेल देशी सेलचे, म्हणजे 'डीसीआर' प्रकारचे असावे लागतात, नाहीतर अनुदान अडकतं. कोटेशनवर तो शब्द, पॅनेलची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या.

आता अंधार. लाईट गेल्यावर घरात खरोखर काय चालायला हवं त्याची बेरीज करा. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६० वॉट, चार एलईडी दिवे ३६, राउटर १०, मोबाइल चार्जिंग २०, मिळून सव्वाशे वॉट. १५० अँपिअर-अवरच्या एका ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. पण ती निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा टक्के खातो, म्हणजे हातात उरतात साडेसातशे-आठशे. सव्वाशे वॉटवर ती सहा तास चालेल. हेच दोन पंखे जुने ७५ वॉटचे असतील तर साडेतीन तास. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, ते स्वस्त पडतं. फ्रिज आणि विहिरीचा पंप या बेरजेत धरू नका. अर्ध्या एचपीचा पंप चालताना सहाशे वॉट घेतो आणि सुरू होताना त्याच्या तीन-चारपट ओढतो. त्यापेक्षा वर हजार लिटरची टाकी ठेवा आणि आभाळ भरून आलं की लाईट असेपर्यंत ती भरून घ्या.

सहा तास म्हणजे जेमतेम एक रात्र. दुसऱ्या रात्रीचं काय, हाच तुमचा मूळ प्रश्न. लाईटच नाही तर बॅटरी भरणार कशी? बॅटऱ्या मेल्या म्हणून पावसाळ्यानंतर जी घरं बोलावतात, त्यांतल्या बहुतेक बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या नसतात. दोन-तीन दिवस अर्धवट रिकाम्या पडून राहिल्याने आतल्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं असतं. लेड-ॲसिड बॅटरीला उपाशी ठेवलेलं सोसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: इन्व्हर्टरच्या बॅटरीला दोन पॅनेलची स्वतंत्र जोड. ती लाईनला जोडायची नाही, म्हणून तिला नेट मीटरही लागत नाही. ५४० वॉटचे दोन पॅनेल पावसाळी दिवसातही बहुतेक वेळा एक-दीड युनिट देतात, आणि तुमची दहा तासांची रात्र सव्वा युनिटची आहे. हिशोब साधारण जुळतो. यासाठी १५० च्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टमध्ये, दोन पॅनेल पॅरलल आणि मध्ये ४० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची पूर्ण ताकद बॅटरीच्या व्होल्टेजला जुळवून देणारं यंत्र), असा संच धरा. चार्जिंग करंट १५ ते २० अँपिअरवर बांधून घ्या, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात बॅटऱ्या उकळतील.

'एमपीपीटी' हा शब्द बिलावर असायलाच हवा. बाजारात पीडब्ल्यूएम नावाचा स्वस्त कंट्रोलर मिळतो. मोठा पॅनेल ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर काम करतो. पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मग १३ गुणिले १३, म्हणजे ५४० वॉटच्या पॅनेलमधून जेमतेम १७० वॉट. कंट्रोलरमध्ये वाचवलेले पैसे पॅनेलमध्ये बुडतात, आणि मग सोलरचा काही उपयोग नाही असं गावभर होतं.

बॅटरी घेताना लेबलवर सी-१० की सी-२० बघा, म्हणजे तिची क्षमता दहा तासांत उतरवून मोजलीय की वीस तासांत. दोन्हीवर १५० लिहिलेलं असलं तरी सी-१० वाली जास्त ताकदीची असते आणि सोलरला तीच घ्यावी. पाणी डिस्टिल्डच घाला, दर तीन महिन्यांनी पातळी बघून. आपल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, किनाऱ्याजवळ मीठही, ते बॅटरीत गेलं की गेली. लिथियमला, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला, पाणी नको, ती अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही आणि ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते. पैसे जास्त लागतात, पण जिथे लाईट दिवसचे दिवस जाते तिथे मी तिच्याच बाजूने बोलेन. फक्त तुमचा इन्व्हर्टर आणि कंट्रोलर दोन्हींत लिथियमचं सेटिंग आहे का ते आधी बघा.

घरात इन्व्हर्टर असूनही बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, ही तक्रार लाईनच्या टोकाला असलेल्या वाड्यांमधून सर्रास येते. तिथे संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर उतरतं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं. यूपीएसवर असताना १८० च्या खाली तो लाईन नाकारतो आणि लाईट असूनही बॅटरीवरच घर चालवतो. बटण नॉर्मलवर करा. घरात संगणक नसेल तर काही अडत नाही. सोलर घेण्यापूर्वीही आठवडाभर सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात वाजता मल्टिमीटरने व्होल्टेज लिहून ठेवा. दिवसा ते वारंवार १७० च्या खाली किंवा २६० च्या वर जात असेल तर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर सारखा ट्रिप होईल. आधी डीपीपासूनची लाईन सुधारून घ्यायचा लेखी अर्ज द्या, सोलर नंतर.

ऑन-ग्रिड आणि बॅटरी दोन्ही एकात देणारा हायब्रिड इन्व्हर्टरही आहे. तो लाईनला जोडलेला असेल तर पॅनेलवर अनुदान मिळतं, बॅटरीचा खर्च मात्र संपूर्ण तुमचा. घरगुती होमस्टे असेल, मासळीचा फ्रीझर असेल किंवा घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर माणूस असेल (पाच लिटरचं यंत्र साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं), तर हायब्रिड आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी हाच मार्ग. तुमच्यासारख्या घराला मी दोन सुट्या गोष्टी सुचवेन: लाईनला २ किलोवॉट, बॅटरीला दोन पॅनेल. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं आणि दुरुस्तीला चिपळूणहून माणूस येईपर्यंत घर अंधारात राहत नाही. पैसे एकदम नसतील तर आधी बॅटरीचं काम करा. बिल सहा महिने उशिरा कमी झालं तरी चालेल, पावसाळा थांबत नाही. फक्त ऑन-ग्रिडची वायर इन्व्हर्टरच्या बॅकअप बाजूला चुकूनही जोडू देऊ नका, दोन्ही यंत्रं जळतात. आणि बॅकअपच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल वेगळा ओढा. जुन्या घरांत एकच न्यूट्रल सगळीकडे फिरवलेला असतो, मग लाईट जाता-येता आरसीसीबी (विजेची गळती दिसली की लाईन तोडणारा स्विच) पडते आणि दोष कुणालाच सापडत नाही.

धोरणाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पॅनेलला अनुदान आणि बॅटरीला शून्य, हे पुण्या-मुंबईला ठीक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा मंडणगड-दापोलीपर्यंत खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा किनाऱ्याला एका रात्रीपुरत्या बॅटरीसाठी थोडं अनुदान दिलं तर ते चैनीसाठी दिलं असं होणार नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावातून ही मागणी वर जायला हवी. अलिबाग आणि रत्नागिरीसारख्या शहरांत भूमिगत वाहिन्यांची कामं निघाली, पण वाड्यावस्त्यांवर तो दिवस लांब आहे.

राहिलं बसवण्याचं काम, आणि किनाऱ्यावर पैसे खरे इथेच वाया जातात.

पॅनेल स्लॅबवर घ्या, कौलांवर नको. पॅनेल जवळजवळ २८ किलोचा. जुन्या वाशांना वजन एक वेळ झेपेल, पण बसवताना आणि पुसताना कौलं फुटतात, आणि गळती शोधायला पुन्हा पॅनेल उतरवावे लागतात. सावली बघताना मे महिन्यातली दुपार धरू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळी गच्ची मोकळी दिसते. डिसेंबरात सकाळी नऊ आणि दुपारी तीनला माडाची सावली कुठवर येते ते महत्त्वाचं. माडाच्या एका खोडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीची निर्मिती घसरते. झावळी किंवा नारळ पडेल अशा टप्प्यात तर पॅनेल नकोच. तोंड दक्षिणेला, उतार पंधरा ते अठरा अंश.

खाली बसायला सावली होते म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा उभारायची हौस सगळीकडे दिसते. समुद्राजवळ ती टाळा, वारा खालून शिरतो आणि पॅनेल उचलतो. गच्चीपासून फूट-दीड फुटावर ठेवा. स्लॅबला भोकं पाडण्यापेक्षा प्रत्येक पायाला काँक्रीटचा ठोकळा ओता. दीड फूट लांब, रुंद आणि उंच ठोकळा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. सांगाडा ताशी किमान १५० किलोमीटर वाऱ्याचा आहे हे कोटेशनवर लिहून घ्या.

लोखंड हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, थर ८० मायक्रॉन. आणि भोकं, कापाकापी, वेल्डिंग हे सगळं गॅल्वनाइज होण्याआधी झालेलं असावं. गच्चीवर आणून कापलेल्या पाईपच्या टोकाला दुसऱ्या पावसाळ्यात लाल ओघळ दिसतो, चंदेरी रंग मारून तो थांबत नाही. बोल्ट स्टेनलेसचे, अर्ध्या किलोमीटरवर ३१६ ग्रेडचे. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी ठिपके येतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर तो बोल्ट ३१६ चा नव्हेच. ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडावर बसते तिथे मध्ये रबराची चकती हवी, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. पॅनेलला मिठाच्या धुक्याची चाचणी, आयईसी ६१७०१, पास झाल्याचा कागद मागा. गोठ्याला लागून पॅनेल किंवा इन्व्हर्टर लावू नका, शेणमुताचा अमोनिया जोड आणि तांबं दोन्ही खातो.

अर्थिंग तीन वेगळी: वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं), डीसी बाजूचं, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतचं, आणि एसी बाजूचं, म्हणजे इन्व्हर्टरपासून घराकडचं. आपल्या जांभ्यात हे अवघड जातं. पावसात ओल असते तेव्हा रीडिंग छान येतं, आणि एप्रिलमध्ये जांभा कोरडा ठणठणीत झाला की अर्थ नावापुरता उरतो. विजा तर मे आणि ऑक्टोबरातच जास्त कडाडतात. म्हणून रीडिंग एप्रिल-मेमध्ये घ्या, आणि खड्डा न्हाणीच्या किंवा विहिरीच्या सांडपाण्याजवळ, जिथे बारमाही ओल राहते तिथे घ्या.

पॅनेलवर मिठाचा पातळ थर दिवाळीनंतर जमू लागतो. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच थंड असताना, गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

वादळाचा इशारा आला की आधी सोलर इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा स्विच बंद करा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वायर तोडणारा स्विच. उलट क्रमाने केलं तर आयसोलेटरमध्ये ठिणगी उडते. स्विच बंद असले तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या वायरीत वीज असतेच. चार पॅनेलची ओळ दोनशे व्होल्टच्या जवळ जाते. वादळानंतर सांगाडा कलंडला असेल किंवा वायर तुटून पाण्यात पडली असेल तर पोरांना गच्चीवर जाऊ देऊ नका. खिशातल्या टेस्टरवर भरवसा नको, डीसी तो नीट दाखवत नाही. अंधार पडू द्या, आणि मल्टिमीटर डीसीवर लावून व्होल्टेज शून्य दिसल्यावरच जाणकाराला त्या वायरीला हात लावू द्या.